रुमाल ड्रममध्येच होता

३ ऑक्टोबर १९९४, सोमवार. प्रेशर १६४/९६

आणि वर तोंड करून विचारते काय, तर "तुमच्या घराण्यात हे संगीत आलं कुठून?" घराणं! सोमवारचा राजमा चुलीवर, माझ्या हातांना कांद्याचा वास, आणि ही चष्मेवाली माझ्या स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर मांडून बसलेली. म्हटलं, बाई, माझा बाप भिंतींना गिलावा करायचा. त्याला शिट्टी मारून कुत्रंसुद्धा बोलावता येत नव्हतं. आई हॉटेलातल्या चादरी धुवायची. घराणं कसलं डोंबलाचं!

तर तिने पिशवीतून एक मासिक काढून वाचून दाखवलं. न्यूमा मेतोये ठोक्याच्या किंचित मागे राहून ट्रंपेट वाजवतो. तीच म्हणे त्याची खूण, जगात दुसऱ्या कुणाला जमत नाही. ती त्याला वडिलांकडून मिळाली असावी. दुसऱ्या एका विद्वानाने लिहिलंय, क्यूबातून आली. तिसरा म्हणतो, आफ्रिकेतून. आणि एकजण म्हणतो, ती मिसिसिपीच्या पाण्याची चाल आहे. पाण्याची चाल! अरे, उशिरा वाजवतो म्हणजे उशिरा वाजवतो. शाळेतही उशिराच जायचा. त्यात नदीचा काय दोष?

न्यूमा माझा धाकटा भाऊ. मी चौपन्न, तो सत्तेचाळीस. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलं, माझा एक पाय पोलिओने वाळलेला असताना. अठ्ठावीस वर्षं झाली, न्यूयॉर्कला आहे. या गावात पाऊल नाही. दर नाताळला रेकॉर्ड पाठवतो, हल्ली त्या छोट्या चकत्या. सगळ्या पलंगाखाली आहेत, कागदसुद्धा फाडलेला नाही. का नाही, ते या चष्मेवालीला सांगायची मला गरज वाटली नाही.

तिचं नाव मिस हॅरिएट. शिकागोच्या विद्यापीठातली. मोठमोठ्या वाजवणाऱ्यांची मुळं शोधून पुस्तक लिहितेय. म्हणाली, "मुळांबद्दल काहीही विचारलं की न्यूमा एकच उत्तर देतात. ताईला विचारा."

ताईला काय विचारा? मला सूर की बेसूर कळत नाही. चर्चमध्ये मी नुसते ओठ हलवते.

राजमा खाली लागला. ही वही दवाखान्यातली आहे, रोजचं प्रेशर आणि खाल्लेलं लिहायला. डोक्यात काही घोळत असेल तर तेही लिहा, असं नर्स म्हणाली. ती फक्त आकडे बघते, म्हणून लिहिते. पाचवीत शाळा सोडलेल्या बाईचं आणखी कोण वाचणार?

६ ऑक्टोबर, गुरुवार. प्रेशर १५८/९४

प्लासीड म्हाताऱ्याकडे भेंडीचं सूप घेऊन गेले. शहाऐंशी वर्षांचा. छप्पन्न वर्षं बँड चालवला, अर्ध्या मोहल्ल्याला फुंकायला शिकवलं, न्यूमालाही. आता उशीला टेकून बसतो आणि लोकांच्या चुका काढतो.

"ओझी, यात मीठ नाही."

"डॉक्टरने मना केलंय."

"तुला का मला?"

"दोघांना."

"मग मरणाऱ्याला तरी चव लागू दे की गं."

दोन चमचे खाल्ले आणि म्हणाला, "माझ्या मयताला न्यूमा वाजवेल. त्याला बोलाव."

मी म्हटलं, "मी जिवंत आहे तोवर तो या गावात कुणाच्या मयताला वाजवणार नाही."

"मग दोघांपैकी एकाने घाई करायला हवी," म्हणाला आणि हसताहसता इतका खोकला की मला पाठ चोळावी लागली.

त्याला मूलबाळ नाही. मोहल्ल्यातल्या मयतांचा खर्च आणि बँड बघणारं आमचं मंडळ आहे, त्याचा हा जुना सभासद, तेव्हा त्याला पोचवायचं काम मंडळाचं. आणि मंडळाची अध्यक्ष अकरा वर्षं मी. म्हणून मला मस्का.

मग त्याचं भरकटलं. म्हणे, "त्या पोराचं ट्रंपेट पुढे, डोळे मागे. टोपीने हाणायचो मी. म्हणायचो, समोर बघ, मागे काय ठेवलंय? तर सांगायचा नाही. आणि मुख्य ट्रंपेट मागे खेचायला लागलं की सगळा बँड मागे येतो. शेवटी मीच सोडून दिलं. म्हटलं, चला, त्याच्या चालीने."

म्हातारपणी माणसाला काहीही आठवतं. त्या काळात प्रत्येक मिरवणुकीच्या मागे मी होते. पायात लोखंडी पट्टी, सगळ्यांत शेवटी मी, आणि तरी बँड माझ्यापासून कधी फार लांब गेला नाही. बँड तेव्हा चालायचेच हळू. आताची पोरं धावतात, जसं काही कुणी मागे लागलंय.

९ ऑक्टोबर, रविवार. प्रेशर १५०/९०

चर्च. उकडलेला मासा. लिहिण्यासारखं काही नाही.

११ ऑक्टोबर, मंगळवार. प्रेशर १७१/१००

चष्मेवाली परत आली. तिला सांगायचं नाही असं ठरवलं होतं आणि सांगून बसले. तिचा दोष एवढाच की ती मध्ये बोलत नाही. गप्प बसणाऱ्या माणसासमोर माझी जीभ सुटते.

आईचं मयत २४ सप्टेंबर १९६६, शनिवार. चर्चपासून कबरस्तानापर्यंत चौदा कोपरे. जाताना बँड संथ वाजवतो. ड्रमच्या तारांखाली रुमाल सरकवलेला असतो, म्हणजे ड्रम घसा बसल्यासारखा वाजतो. कबरस्तानाच्या दारात मयत मोकळं करायचं. ड्रमवाला रुमाल ओढून काढतो, मयताची गाडी आत जाते, मग ट्रंपेट उसळतं आणि लोक नाचत परततात. त्याआधी नाचाची गत वाजवणं म्हणजे मेलेल्या माणसाला ढकलून देणं. हे आमच्याकडच्या चार वर्षांच्या पोरालाही कळतं.

न्यूमा एकोणीस वर्षांचा, मुख्य ट्रंपेट त्याचं. आणि त्याने नवव्या कोपऱ्यावर नाचाची गत फुंकली. नवव्या! रुमाल ड्रममध्येच होता. गाडीवाल्याला वाटलं मयत मोकळं झालं, त्याने गाडी हाणली. लोक गोंधळले, अर्धे नाचायला लागले, अर्धे रडत उभे. आई पुढचे पाच कोपरे बँडशिवाय गेली.

मिस हॅरिएटने विचारलं, "तुम्ही कुठे होता?"

मी कुठे असणार, मागे. आदल्या आठवड्यापासून पट्टी घोट्याला चावत होती. मी आईच्या पेटीवर हात ठेवून शपथ घेतली होती की मयत मोकळं होईपर्यंत चालत येईन. तीन वेळा लोक म्हणाले, बाई, गाडीत बस. मी त्यांना शिव्या दिल्या. नवव्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं, तिथे मी खांब धरून जरा उभी होते. बुटात ओलं लागत होतं. तेवढ्यात त्याने फुंकलं. सगळं उधळल्यावर कुणीतरी मला उचलून मागच्या एका गाडीत घातलं. त्यामुळे निदान पेटी आत सरकवताना मी तिथे होते. नशीब.

त्याचं न्यूयॉर्कला वाजवायला जायचं आधीच ठरलं होतं. त्याच संध्याकाळी मी न्यूमाला म्हटलं, "न्यूयॉर्कच्या बसची एवढी घाई होती तर जा. आईला ढकललंस, आता मलाही तोंड दाखवू नकोस." एक शब्द बोलला नाही. ट्रंपेटची पेटी उचलली आणि गेला. चोर बोलतो का कधी?

मिस हॅरिएट म्हणाली, "त्यांच्या ट्रंपेटच्या पेटीत बसचं जुनं तिकीट चिकटवलेलं आहे. मी बघितलंय. तारीख २६ सप्टेंबर आहे."

सव्वीस म्हणजे सोमवार. मयत शनिवारी. मग शनिवारी घाई कसली होती? मी तिला म्हटलं, तुमचा चष्मा बदला.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार. प्रेशर घेतलं नाही

प्लासीड गेला. पहाटे, झोपेत. काल मी त्याच्या सूपात चिमूटभर मीठ घातलं होतं. बरं झालं घातलं.

शनिवारी, २२ तारखेला मयत.

दुपारी लूसियाँ आला. आता बँड तो चालवतो. न्यूमाच्याच वयाचा, आईच्या मयताला ड्रम त्याच्याकडे होता. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला, म्हणजे काहीतरी मागायला आला होता.

"मिस ओझी, पोरांची इच्छा आहे की न्यूमाने पुढे चालावं."

"पोरांना सांग, इच्छा आवरा."

"म्हाताऱ्याची शेवटची इच्छा होती."

"म्हाताऱ्याची शेवटची इच्छा मीठ होती. ती पुरवली मी."

हसला. पण गेला नाही. म्हणाला, "मिस ओझी, त्या दिवशी मी त्याच्या डाव्या हाताला होतो. तो पाठमोरा वळला. पूर्ण वळला, ट्रंपेट खाली करून. मागे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि फुंकलं. माझा रुमाल आतच. मी काढायला गेलो तर तारेत अडकून फाटला."

"बघ! म्हणजे घाईच."

"बसची घाई असलेला माणूस मागे कशाला बघेल?"

"पोलीस आहेस का तू?"

"आणि दोन दिवस तो आमच्या व्हरांड्यात झोपला. माझी आई म्हणायची, घरी जा रे. तर म्हणे, ताई बोलवायला येईल. सोमवारी दुपारपर्यंत थांबला. रस्त्याकडे तोंड करून बसायचा."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत एकानेही नाही. मी म्हटलं, "मग तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुमच्यासमोर कोण बोलणार, मिस ओझी? आजसुद्धा मी एक पाय बाहेर ठेवूनच बोलतोय."

खरंच एक पाय पायरीवर होता.

मंडळाचा निर्णय पुढच्या शुक्रवारी सांगते म्हटलं. मंडळ म्हणजे मीच. हा निर्णय कसा घ्यायचा मला कळत नाही. त्याला येऊ दिलं आणि त्याने प्लासीडलाही वाटेत ढकललं तर? आणि येऊ दिलं नाही, तर म्हाताऱ्याला वर गेल्यावर काय सांगू?

१६ ऑक्टोबर, रविवार. प्रेशर १६६/९८

मिस हॅरिएट टेप घेऊन आली. म्हणाली, "तुम्ही त्यांचं एकही ऐकलेलं नाही ना? एकच ऐका." मी नाही म्हणणार होते, पण हात कणकेत होते आणि तिने बटण दाबून टाकलं.

न्यूमाच होता. अठ्ठावीस वर्षांनी ओळखला, आवाज न ऐकता. संथ गत होती, मयताला जाताना वाजवतात तसली. पियानोवाला पुढे जातो आणि न्यूमा येत नाही. आता येईल, आता येईल, असं वाटतं आणि मग येतो, पाय ओढत आल्यासारखा. पुन्हा तेच. एक सूर धड, एक ओढत. एक धड, एक ओढत. मला इतका राग आला! एवढा मोठा झाला तरी वेळेवर यायला शिकला नाही.

मी उठून कणीक झाकली, ओट्यापासून मोरीपर्यंत गेले, हात धुतले, परत आले, कपाटातून कप काढले. बघते तर ही बाई टेप सोडून माझ्या पायांकडे बघतेय. चष्म्यामागे डोळे भरलेले. मी खाली बघितलं, बुटाला काही लागलंय का. सर्व संतांचा दिवस जवळ आला म्हणून काल आईच्या कबरीला चुना लावला होता, वाटलं त्याचे डाग असतील. काही नव्हतं. जुनी लाकडी जमीन, त्यावर माझा पाय वाजतो तेवढाच आवाज. टप, आणि मग घसटतं. ते तर जन्मभराचं आहे.

"काय झालं?" म्हटलं.

तिने बटण बंद केलं. म्हणाली, "मी त्यांना एकदा विचारलं होतं, तुम्ही उशिरा का वाजवता? तर म्हणाले, मी उशिरा वाजवत नाही. मी थांबतो."

"कुणासाठी?"

"ते म्हणाले, ताईला विचारा."

परत ताई! मला कुठून माहीत? या लोकांना सरळ उत्तर देता येत नाही. मी तिला म्हटलं, तुम्हाला कळलंय तर तुम्ही सांगा. तर म्हणते, "हे मी सांगणं बरोबर नाही." मग कशाला शिकलात एवढ्या?

जाताना दारात तिने माझा हात धरला. मला असलं आवडत नाही.

१७ ऑक्टोबर, सोमवार. प्रेशर १७४/१०२

राजमा भिजवला आणि शिजवला नाही. पहिल्यांदाच असा सोमवार गेला.

सकाळी काठी घेऊन चर्चपासून निघाले. म्हटलं, एकदा मोजूनच बघू. किती कोपरे, कुठे तो वळला, तिथून मागे बघितलं तर काय दिसतं. लोक म्हणाले, मिस ओझी, कुठे? म्हटलं, कामाला. पूर्वी इथे मोठाले ओक होते, सावली होती. आता डोक्यावर हायवेचा पूल, ट्रक गेला की दात वाजतात.

सहाव्या कोपऱ्यापर्यंत ठीक. सातव्याला पट्टी चावायला लागली. नवव्याला खांब धरला. औषधांच्या दुकानाचं आता कपडे धुवायचं दुकान झालंय, खांब मात्र तोच. धरला आणि लक्षात आलं, हात नेमका तिथेच गेला.

मग मी पुढे बघितलं. बँड असेल तिथे, रस्त्याच्या मधोमध. तिथे उभं राहून माणूस वळला, तर त्याला काय दिसेल? धुण्याचं दुकान. खांब. त्या दिवशी औषधांचं दुकान, खांब, आणि मागे राहिलेले दोन-चार लोक. त्यांच्यात मी. बघण्यासारखं काय होतं?

दुकानातली मुलगी खुर्ची घेऊन आली. म्हणाली, "बसा, आंटी, तुमच्या मोज्यातून रक्त येतंय." म्हटलं, माहीत आहे. म्हणाली, "गाडी बोलावू?" मी तोंड उघडलं शिवी द्यायला आणि दिली नाही. मला एकदम रडू आलं. का, ते कळलं नाही. मी तिला म्हटलं, माझं प्रेशर वाढलंय.

घरी आल्यावर पलंगाखालचं सगळं ओढून काढलं. सगळ्यात जुनं पाकीट, १९६९. कागद फाडला. माझ्याकडे वाजवायला काही नाही. मागची अक्षरं वाचली. सात गती आहेत. शेवटचीचं नाव "नववा कोपरा".

पुढची पाकिटं फोडायला हात झाला नाही.

१८ ऑक्टोबर, मंगळवार. प्रेशर १६८/९८

पत्र लिहिलं. मिस हॅरिएट आज तातडीच्या टपालाने टाकणार आहे, उद्या त्याला मिळेल. नंतर तो म्हणायला नको की ताईने भलतंच लिहिलं होतं, म्हणून इथे उतरवून ठेवते.

न्यूमा,

प्लासीड गेला. तुला कळलं असेलच, तुमच्या लोकांत बातमी आधी पोचते. शनिवारी २२ तारखेला, सकाळी दहाला, चर्चमधून निघायचं. त्याची इच्छा होती तू पुढे वाजवावंस. लूसियाँचीही आहे. माझी काय आहे ते मलाच कळत नाही, म्हणून हे पत्र.

तुझी एक बाई माझ्या स्वयंपाकघरात मुळं खणतेय. तिला माझ्याकडे पाठवलंस ते पाठवलंस, पण काय सांगायचं ते मला आधी कळवायला नको? मी तिला बाप, आई, चादरी, सगळं सांगितलं आणि ती माझ्या बुटांकडे बघून रडते. हे काय आहे?

लूसियाँ म्हणतो, त्या दिवशी तू वळून मागे बघितलंस. बसचं तिकीट सोमवारचं होतं म्हणे. आणि दोन दिवस तू त्यांच्या व्हरांड्यात होतास. मी येईन म्हणून. मला काय माहीत तू तिथे आहेस? मला वाटलं गेलास. मी रोज दार उघडं ठेवून बसले होते, आणि तू दोन गल्ल्या पलीकडे रस्त्याकडे तोंड करून! दोघांपैकी एकाला तरी अक्कल हवी होती.

काल मी तिथे जाऊन आले. त्या खांबापर्यंत. मी विचार करकरून थकले. तू मागे काय बघितलंस, न्यूमा? असं काय होतं तिथे, की त्याच्यासाठी तू आईला वाटेत सोडलंस? सरळ लिही. नदी, आफ्रिका नको. मला एका ओळीत हवंय.

उत्तर दिलंस तर शनिवारी पुढे तू. नाही दिलंस तर येऊ नकोस, आलास तर मी स्वतः काठी घेऊन रस्त्यात उभी राहीन.

आणि हेही ऐकून ठेव. शनिवारी मी गाडीत बसणार नाही. चौदाही कोपरे चालणार आहे, प्लासीडसाठी, दारापर्यंत. डॉक्टरला विचारलेलं नाही. आताची पोरं फार पळवतात, मला जमणार नाही त्यांच्यामागे. तू पुढे असलास तर बघ काही करता आलं तर.

फोनचा नंबर तोच आहे, आईच्या वेळचा. शुक्रवारी सकाळी मला लूसियाँला सांगायचंय. म्हणून गुरुवारी, २० तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत फोन कर. मी फोनजवळ बसते. सहा म्हणजे सहा, तुझी ती थांबायची सवय इथे चालणार नाही.

ताई